वनस्पती-पेशीत नवी भिंत कुठे उभी राहायची, हे ठरवतं कोण?

पालवी

सूत्री विभाजनावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. गुणसूत्रांवर पानंच्या पानं असतात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, सगळं आकृत्यांसकट. मग शेवटी एक ओळ येते: वनस्पती-पेशीत पेशीपट्टिका तयार होते आणि पेशीद्रव विभागलं जातं. संपलं.

मला खरी उत्सुकता त्या ओळीची आहे. प्राण्याची पेशी मधोमध आवळली जाते, ॲक्टिन आणि मायोसिनचं कडं घट्ट होत जातं आणि दोन पेशी सुट्या होतात. वनस्पतीच्या पेशीभोवती टणक भित्तिका असते, ती आवळणार कशी? म्हणून ती आतून, मधूनच नवी भिंत बांधायला घेते आणि ती भिंत कडेकडे वाढत जुन्या भिंतीला जाऊन मिळते. इथवर ठीक. पण मिळते कुठे? मुळाच्या टोकाचा उभा छेद पाहिला तर पेशींच्या रांगा सरळ दिसतात, आडव्या भिंती एकाखाली एक. शिवाय नीट पाहिलं तर शेजारच्या रांगेतली भिंत जिथे येऊन टेकलेली असते तिच्या बरोब्बर समोर नवी भिंत सहसा येत नाही. किंचित वर किंवा किंचित खाली. म्हणजे चार भिंतींचा चौक होत नाही, तिठाच होतो.

ही जागा कोण ठरवतं? केंद्रक? जुनी भिंत? की शेजारच्या पेशी? जाणकारांनी सविस्तर लिहावं, रेणूंच्या पातळीवर लिहिलंत तर फारच छान.

उत्सुक

धागा वाचतोय. तिठ्याची गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. आता प्रत्येक छेदात तेच दिसणार!

तर्कूतंतू

पालवीताई, उत्तराची सुरुवात १९६६ सालापासून करावी लागेल. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट हे दोघं गव्हाच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना दिसलं, की गुणसूत्रं अजून नीट आखूडही झालेली नसताना, पेशीच्या अगदी कडेला, पेशीपटलाला चिकटून, सूक्ष्मनलिकांचा (ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बारीक पोकळ नळ्यांचा) एक पट्टा पेशीभोवती आडवा बसलेला असतो. पुढे नवी भिंत जुन्या भिंतीला मिळते ती याच पट्ट्याच्या जागी. इंग्रजी नावावरून सगळे त्याला प्रीप्रोफेज बँडच म्हणतात.

क्रम असा आहे. एरवी कडेच्या सूक्ष्मनलिका पेशीभर पसरलेल्या असतात. डीएनएची नक्कल होऊन गेली की त्या हळूहळू एका पट्ट्यात गोळा व्हायला लागतात. पट्टा आधी रुंद असतो, मग अरुंद आणि दाट होतो. केंद्रकपटल फुटतं तेव्हा पट्टा नाहीसा झालेला असतो. त्यानंतर तर्कू, म्हणजे गुणसूत्रं ओढून वेगळी करणारी नलिकांची रचना, बनतो, गुणसूत्रं मधोमध येतात, वेगळी होतात. मग दोन केंद्रकांच्या मध्ये सूक्ष्मनलिकांची दुसरी रचना तयार होते, तिचं नाव फ्रॅग्मोप्लास्ट. तिच्यात नलिकांचे दोन संच समोरासमोर असतात, वाढती टोकं मधल्या रेषेकडे. एमएपी ६५ गटातली प्रथिनं हे दोन संच मध्यावर एकमेकांना बांधून ठेवतात. या नलिकांवरून गॉल्जी पिंडातून आलेल्या पिटिका मधल्या रेषेवर पोचतात आणि एकमेकींत मिसळून पेशीपट्टिका तयार होते. मधलं काम झालं की तिथल्या नलिका सुट्या होतात आणि कडेला नव्या जोडल्या जातात, त्यामुळे फ्रॅग्मोप्लास्ट कड्यासारखा बाहेर सरकत जातो आणि त्याच्यामागोमाग भिंत वाढते.

पिटिका मिसळवणारं एक प्रथिन तर फक्त याच कामाला असतं. त्याचं नाव नॉल. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत नेहमी वापरलं जाणारं, मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) त्याचं जनुक बिघडलं की भ्रूणात अर्धवट भिंतींच्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात. केंद्रकं विभागत राहतात, भिंत मात्र पुरी होत नाही. हे जनुक १९९६ मध्ये ओळखलं गेलं.

नव्या पट्टिकेत सुरुवातीला कॅलोज भरपूर असतं. ते मऊ असतं, नंतर त्याची जागा सेल्युलोज घेतं. आणि पट्टिका तयार होताना आंतर्द्रव्य जालिकेचे काही धागे तिच्यात अडकून राहतात, तिथेच पेशींना जोडणाऱ्या जीवद्रव्य-तंतूंच्या वाटा राहतात. म्हणजे भिंत आणि तिच्यातल्या खिडक्या एकाच वेळी बांधल्या जातात.

थोडक्यात, गवंडी भिंत बांधण्याआधी लाईनदोरी लावतो तसा हा पट्टा.

गणिताचा_नाद

तर्कूतंतू, प्रतिसाद उत्तम, पण माझा एक आक्षेप आहे. पट्टा जागा दाखवतो हे मान्य. पण पट्टा तिथेच का येतो? तुम्ही प्रश्न एक पायरी मागे ढकललात, सोडवला नाहीत.

१९ व्या शतकातच यावर एक सुंदर नियम सुचवला गेला होता. बेल्जियमचे लिओ एरेरा यांनी १८८० च्या दशकात म्हटलं, की वनस्पती-पेशीची नवी भिंत साबणाच्या फुग्यातल्या पडद्यासारखी वागते: पेशीचं आकारमान दुभागायचं आणि त्यासाठी कमीत कमी क्षेत्रफळाचा पडदा वापरायचा. त्याआधी हॉफमायस्टर यांनी १८६३ मध्ये नोंदवलं होतं, की भिंत पेशीच्या लांब अक्षाला काटकोनात येते. दोन्ही नियम बऱ्याच पेशींत लागू पडतात. मुळातल्या रांगा सरळ का दिसतात याचं निम्मं उत्तर यात आहे.

२०११ मध्ये बेसन आणि ड्युमे यांनी हा नियम सुधारून मांडला. एका पेशीत कमी क्षेत्रफळाचे पडदे एकापेक्षा जास्त जागी बसू शकतात. पेशी दर वेळी सगळ्यात लहानच निवडते असं नाही. जितका पडदा लहान, तितकी तो निवडला जाण्याची शक्यता जास्त. म्हणजे नियम आहे, पण संभाव्यतेचा. मला हे फार आवडतं, कारण सारख्याच आकाराच्या दोन पेशी वेगवेगळ्या दिशेला विभागलेल्या दिसतात त्याचा हिशेब यातून लागतो.

मीरा_ऊती

@गणिताचा_नाद, भूमिती एवढीच असती तर झाडाचं खोड जाड झालंच नसतं.

खोडाच्या एधेतल्या, म्हणजे खोड जाड करणाऱ्या विभाजनशील थरातल्या, लांबट पेशी बघा. पाईनसारख्या सूचिपर्णी झाडांत त्या काही मिलिमीटर लांब असतात आणि रुंदीला अगदी बारीक. तुमच्या नियमाप्रमाणे त्यांनी आडवं दुभागायला हवं, भिंत इवलीशी लागली असती. पण त्या उभ्या विभागतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे शक्य तितकी मोठी भिंत बांधतात! फ्रॅग्मोप्लास्टचे दोन काठ केंद्रकांपासून निघून दोन विरुद्ध टोकांकडे लांबच लांब प्रवास करतात. इरव्हिंग बेली यांनी १९२० च्या सुमारास हे वर्णन करून ठेवलं आहे. आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला परिकाष्ठ (अन्न वाहून नेणारी ऊती) जमतं ते याच उभ्या विभाजनांमुळे.

गणिताचा_नाद

एधेचं उदाहरण तगडं आहे, मान्य. तरी मी म्हणेन, की भूमितीचा नियम हा मूळ कल असावा आणि एधेत तो कुणीतरी जाणूनबुजून मोडत असावं. हे 'कुणीतरी' कोण, ते तुम्ही जीवशास्त्रवाल्यांनी सांगा.

केतकीचं_पान

मला एक साधी शंका आहे. तर्कूतंतू म्हणतात पट्टा केंद्रकपटल फुटेपर्यंत नाहीसा होतो. फ्रॅग्मोप्लास्ट बराच नंतर येतो. मधल्या वेळात जागेची खूण कशात जपलेली असते? लाईनदोरी काढून टाकली, मग गवंड्याला कळतं कसं?

तर्कूतंतू

केतकी, बरोबर जागी बोट ठेवलंत. पट्टा जातो पण जागा रिकामी राहत नाही. टँगल्ड नावाचं एक प्रथिन पट्ट्याबरोबर तिथे येतं आणि पट्टा गेल्यावरही विभाजन पूर्ण होईपर्यंत तिथेच कड्यासारखं बसून राहतं. मक्याच्या एका उत्परिवर्ती वाणावरून हे जनुक सापडलं. त्याच्या जोडीला पॉक १ आणि पॉक २ ही कायनेसिन गटातली चालक प्रथिनं असतात. ती दोन्ही नसली तर टँगल्ड जागेवर टिकत नाही आणि भिंती वेड्यावाकड्या येतात. शिवाय पट्ट्याच्या जागी कडेचं ॲक्टिन कमी झालेलं असतं, ती ॲक्टिनविरळ पट्टीही नंतर टिकून राहते. म्हणजे त्या जागी एक गोष्ट असण्याची खूण आहे आणि एक नसण्याची.

शेतवाट

विषय माझ्या कामाशी येऊन भिडला म्हणून लिहितोय. पेंडीमिथॅलिन हे तणनाशक शेतीत वापरणाऱ्यांना माहीत असेल. पीक उगवण्याआधी जमिनीवर फवारतात. ते नेमकं इथेच काम करतं: वनस्पतीच्या ट्युब्युलिनला चिकटतं आणि सूक्ष्मनलिका बनूच देत नाही. तणाचं बी रुजतं, मूळ बाहेर येतं आणि थांबतं. असं रोप उपटून पाहिलं तर मुळाचं टोक गदेसारखं फुगलेलं दिसतं. बाजूची मुळं आखूड आणि जाड. मी अशी रोपं भिंगाखाली पाहिली आहेत, पण टोक का फुगतं हे आज नीट समजलं. पट्टा नाही, तर्कू नाही, फ्रॅग्मोप्लास्ट नाही आणि पेशी लांबट ठेवणाऱ्या कडेच्या नलिकाही नाहीत, मग पेशी सगळीकडून फुगणारच.

याच गटातल्या तणनाशकांना दाद न देणारं एक तण आहे, एल्युसिन इंडिका, नाचणीच्याच प्रजातीतलं. १९९८ मध्ये कळलं, की त्याच्या अल्फा-ट्युब्युलिनमध्ये एकच अमिनो आम्ल बदललं आहे, २३९ व्या जागेवर थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन. एवढ्या बदलानं औषध चिकटत नाही.

अबोली

@शेतवाट, सुंदर माहिती. कोल्चिसीनही असंच काम करतं ना?

शेतवाट

हो, तेही ट्युब्युलिनलाच चिकटतं. फरक असा, की कोल्चिसीन प्राण्यांच्या ट्युब्युलिनवर जास्त जोरात चालतं, वनस्पतींसाठी मात्रा बरीच वाढवावी लागते. पेंडीमिथॅलिनच्या गटाचं उलटं, ते वनस्पतीच्या ट्युब्युलिनला धरतं, प्राण्याच्या नाही. १९३७ मध्ये ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी कोल्चिसीननं वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. गुणसूत्रांची नक्कल झाली, पण तर्कूच नाही म्हणून सगळी एकाच केंद्रकात राहिली.

जुने_मास्तर

चर्चा छान रंगली आहे. पण आधीचा टप्पाही बघायला हवा. पेशीनं विभागायचं हे ठरतं कसं? जागेचा प्रश्न त्यानंतरचा.

सायक्लिन आणि सायक्लिनवर अवलंबून असणारी कायनेज विकरं, म्हणजे सीडीके, ही जोडी सगळ्या केंद्रकयुक्त जीवांत आहे. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण वनस्पतींनी त्यात आपली भर घातली आहे. सीडीके-बी हा गट फक्त वनस्पतींत सापडतो आणि विभाजनाच्या तोंडावरच तयार होतो. विभाजन सुरू करायचा निरोप येतो सायटोकायनिन या संप्रेरकाकडून आणि साखरेकडून. दोन्हींमुळे डी गटातली सायक्लिनं वाढतात. ही सायक्लिनं सीडीके-ए ला धरतात, मिळून आरबीआर या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, आरबीआरची पकड सुटते आणि ई २ एफ मोकळा होऊन डीएनएच्या नकलेची जनुकं चालू करतो. सायटोकायनिन आणि सायक्लिन डी ३ यांचा हा दुवा १९९९ मध्ये ॲरॅबिडॉप्सिसमध्ये सिद्ध झाला. मला यातलं शहाणपण फार भावतं. पेशीकडे अन्न आहे का आणि झाडाचा निरोप आहे का, दोन्ही पाहूनच पाऊल पुढे पडतं.

सायटोकायनिनच्या शोधाची कथाही सांगतो. १९५५ मध्ये मिलर, स्कूग आणि सहकाऱ्यांनी पहिलं सायटोकायनिन, कायनेटिन, वेगळं केलं ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएतून! तो डीएनए दाबाखाली तापवला तेव्हा त्यातून हा पदार्थ तयार झाला होता आणि तंबाखूच्या पेशी त्यावर विभागू लागल्या. वनस्पतीतलं नैसर्गिक सायटोकायनिन, झिएटिन, पुढे मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून मिळालं.

मीरा_ऊती

मास्तर, तुमच्या प्रतिसादाला जोडून माझं रोजचं काम सांगते. ऊतिसंवर्धनात आम्ही सायटोकायनिन आणि ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक खालीवर करत असतो. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलं तेच अजून चालतं: ऑक्सिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर कोंब, दोन्ही बेताची तर नुसता किणगोळा, म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा.

या किणगोळ्यातलं विभाजन पालवीच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर रांग नाही, थर नाही, भिंती कुठल्याही दिशेला. पेशी जोमानं विभागत असतात, सायक्लिनं आहेत, सीडीके आहेत, नॉल आहे, सगळं आहे. दिशा मात्र नाही. मग एखाद्या कोपऱ्यात पेशींचा एक दाट, लहान पेशींचा पुंजका दिसतो, त्यात थर लागायला लागतात आणि काही काळानं तिथून कोंब येतो. मी हे कितीही वेळा पाहिलं तरी थांबून बघते. विभागणं आणि शिस्तीत विभागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे डोळ्यांना दिसतं.

आणखी एक. भित्तिका विकरांनी विरघळवून काढली की उघडी जीवद्रव्य-पेशी उरते, वाटोळी. ती लगेच विभागत नाही. आधी स्वतःभोवती भित्तिका परत विणते, मग विभागते. जुन्या भिंतीशिवाय नवी भिंत नीट होत नाही.

उत्सुक

म्हणजे घर बांधायला आधी कंपाउंड लागतं म्हणायचं! 😀

मीराताई, त्या पुंजक्याचा फोटो असेल तर नक्की टाका.

निरीक्षक_७

मला तर्कूतंतू यांच्या लाईनदोरीबद्दल गंभीर शंका आहे. वनस्पतीत असे कितीतरी प्रसंग आहेत जिथे पट्टा बनतच नाही आणि भिंत तरीही येते.

भ्रूणपोष, म्हणजे बीजातली भ्रूणाला पोसणारी ऊती, घ्या. फलनानंतर भ्रूणपोषाचं केंद्रक विभागत सुटतं, भिंत न घालता. एकाच पेशीद्रवात शेकडो केंद्रकं तरंगत असतात. शहाळ्याचं पाणी म्हणजे अशाच अवस्थेतला द्रव भ्रूणपोष. नंतर या केंद्रकांच्या मध्ये भिंती येतात आणि गंमत म्हणजे त्या फक्त सख्ख्या जोडीच्या मध्ये येतात असं नाही, कुठल्याही दोन शेजारी केंद्रकांच्या मध्ये येतात. प्रत्येक केंद्रकापासून सूक्ष्मनलिका किरणांसारख्या पसरतात, जिथे दोन केंद्रकांच्या नलिका भेटतात तिथे भिंत. पट्टा कुठेच नाही. परागकण तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं, तिथेही पट्टा नसतो.

मग पट्टा हा विभाजनाचा सर्वसाधारण नियम कसा?

तर्कूतंतू

निरीक्षक, तुमची सगळी उदाहरणं खरी आहेत. पण ती कुठली आहेत ते पाहा. भ्रूणपोष, परागमातृपेशी, भ्रूणकोश. या सगळ्या ऊतीच्या शिस्तीबाहेरच्या जागा आहेत. जिथे पेशीला रांगेत, थरात राहायचं आहे, पानात, मुळात, खोडात, तिथे पट्टा असतो. वनस्पतीची पेशी एकदा जन्मली की आयुष्यभर त्याच शेजाऱ्यांना चिकटलेली. प्राण्यातल्या पेशीसारखी सरकून दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून जिथे शेजार महत्त्वाचा, तिथे आधी आखणी.

निरीक्षक_७

तिथेही माझ्याकडे उत्तर आहे. तुम्हीच टँगल्डचा उल्लेख केलात. त्या मक्याच्या पानाचं काय होतं? पेशी भलत्याच दिशांना विभागतात, छेद पाहिला तर भिंती कशाही. आणि पान? पानाचा आकार जवळजवळ नेहमीसारखाच! झाड थोडं खुजं, पान खरबरीत, पण पानच. १९९६ च्या त्या शोधनिबंधाचा मुद्दाच हा होता. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १९ व्या शतकात म्हटलं होतं, की पेशी झाड घडवत नाहीत, झाड पेशी घडवतं. मला ते पटतं. आकार वरून ठरतो आणि पेशी ती जागा भरतात. मग भिंत कुठे येते याला इतकं महत्त्व का द्यायचं?

अबोली

निरीक्षक, पानाच्या आकारापुरतं तुमचं बरोबर असेल, पण पराग पाहा. परागकणातलं पहिलं विभाजन असमान असतं. एक मोठी कायिक पेशी, जिच्यापासून परागनलिका येते, आणि एक इवली जनन पेशी, जी पुढे विभागून दोन पुंपेशी देते. १९९५ मध्ये तंबाखूच्या परागात कोल्चिसीन वापरून हे विभाजन मुद्दाम समान केलं गेलं. दोन सारख्या पेशी झाल्या आणि दोन्ही कायिक पेशीसारख्या वागल्या. जनन पेशी नाही, म्हणजे पुंपेशी नाहीत, म्हणजे फलन नाही. भिंतीची जागा चुकली आणि पुढची पिढीच गेली.

पर्णरंध्रांचंही तसंच. रंध्राच्या पूर्वज पेशीत बासल नावाचं प्रथिन एका कडेला जमतं आणि असमान विभाजनाला दिशा देतं. ते नसेल तर विभाजनं बिघडतात. आणि नव्या रंध्राची भिंत अशी येते, की जुनं रंध्र आणि नवं रंध्र यांच्यात निदान एक पेशी राहील. दोन रंध्रं चिकटून आली तर त्यांना नीट उघडमीट करता येत नाही.

जुने_मास्तर

अबोलीताई, पुनरुत्पादनाचा विषय काढलाच आहात तर थोडं अवांतर. नावाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळात दुहेरी फलन पाहिलं, एक पुंपेशी अंडपेशीशी आणि दुसरी मध्य पेशीशी. १८९९ मध्ये गिन्यार यांनीही ते स्वतंत्रपणे नोंदवलं. पण परागनलिका बीजांडापर्यंत नेमकी कशी पोचते हे शतकभर कोडंच होतं.

उत्तर एका शोभेच्या झाडानं दिलं, टोरेनिया. त्याचा भ्रूणकोश बीजांडाच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे जिवंत अवस्थेत पाहता येतो. हिगाशियामा यांच्या गटानं लेझरनं एकेक पेशी मारून पाहिली आणि कळलं, की बोलावणं अंडपेशीशेजारच्या सहाय्यक पेशींकडून जातं. २००९ मध्ये त्यांनी ते रेणूही शोधले, लहान, सिस्टीन भरपूर असलेली प्रथिनं, नाव लुअर. परागनलिका पोचून फुटली, की अंडपेशी ईसी १ नावाची प्रथिनं सोडते, त्यानं पुंपेशी सज्ज होते आणि हॅप २ या प्रथिनाच्या मदतीनं दोघी एक होतात. हे हॅप २ शैवलांत आहे, काही परजीवी एकपेशीयांतही आहे. म्हणजे ते फुलांपेक्षा कितीतरी जुनं आहे.

आणि मग युग्मनजाचं पहिलं विभाजन, पुन्हा असमान. वरची लहान पेशी भ्रूण होते, खालची लांब पेशी मुख्यतः भ्रूणाला धरून ठेवणारा दांडा. त्या पहिल्या भिंतीनं रोपाचं वर-खाली ठरवलेलं असतं.

केतकीचं_पान

मास्तर, अवांतर असलं तरी असं अवांतर रोज हवं.

माझंही एक अवांतर. पेशी विभागली की हरितलवकं कशी वाटली जातात?

तर्कूतंतू

केतकी, हरितलवकं स्वतंत्रपणे विभागतात आणि पेशीद्रवाबरोबर दोन्हीकडे जातात. विशेष म्हणजे इतका वेळ आपण म्हणतोय वनस्पती-पेशी आवळून विभागत नाही, पण तिच्या आतलं हरितलवक मात्र आवळूनच विभागतं. आतल्या बाजूनं एफटीएस-झेड प्रथिनाचं कडं असतं. जिवाणू विभागताना जे वापरतात त्याच कुळातलं, कारण हरितलवकाचे पूर्वज नीलहरित जिवाणूच. बाहेरून एआरसी ५ नावाच्या डायनामिनसारख्या प्रथिनाचं दुसरं कडं येतं, ते वनस्पतीचं स्वतःचं.

पालवी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण मूळ प्रश्नाकडे परत येऊ या? निरीक्षक आणि तर्कूतंतू यांचा वाद मला महत्त्वाचा वाटतो. पट्टा बनूच दिला नाही, पण तर्कू आणि फ्रॅग्मोप्लास्ट शाबूत ठेवले, तर भिंत कुठे येईल? असा प्रयोग कुणी केला आहे का? तणनाशक किंवा कोल्चिसीननं तर सगळंच जातं.

तर्कूतंतू

केला आहे आणि उत्तर आपल्या दोघांनाही विचार करायला लावणारं आहे. २०१७ मध्ये ॲरॅबिडॉप्सिसच्या टीआरएम गटातली तीन जनुकं एकत्र बंद केलेली रोपं तयार केली गेली. त्यांच्या मुळांत पट्टा बनत नाही, बाकी नलिकांच्या रचना होतात. अपेक्षा होती की सगळा गोंधळ उडेल. उडाला नाही. भिंती बहुतेक योग्य दिशेलाच आल्या, फक्त कोनांतली चढउतार वाढली. तर्कू विभाजनाच्या वेळी जास्त डुलत होता. रोपं वाढली, फुललीसुद्धा.

म्हणजे पट्टा दिशा ठरवत नाही, ठरलेली दिशा घट्ट करतो. दिशा आधीच कुठूनतरी आलेली असते.

निरीक्षक_७

हेच मी म्हणत होतो. पण 'चढउतार वाढली' याकडेही मी दुर्लक्ष करणार नाही. परागासारख्या जागी थोडी चढउतारही परवडणार नाही.

गणिताचा_नाद

आणि ती आधीची दिशा भूमितीतून येते!

मीरा_ऊती

अर्धी. २०१४ मध्ये ॲरॅबिडॉप्सिसच्या भ्रूणावर काम झालं, पेशींचे त्रिमितीय आकार मोजून. आठ पेशींच्या भ्रूणात पुढचं विभाजन असं होतं की एक बाहेरचा थर आणि एक आतला थर सुटतो. त्यासाठी लागणारी भिंत लहानात लहान नसते, पेशी तुमचा नियम मोडते. मग ऑक्सिनला प्रतिसाद न देणारा भ्रूण पाहिला गेला. त्यातल्या पेशींनी त्याच टप्प्यावर लहानात लहान भिंत निवडली. म्हणजे मूळ कल भूमितीचाच, तुम्ही आधी म्हणालात तसा, आणि तो मोडणारं 'कुणीतरी' या जागी ऑक्सिन. भ्रूणाचा बाह्यत्वचेचा थर त्या मोडण्यातून मिळतो.

एधेतही ऑक्सिन भरपूर असतं, पण तिथे नेमकं हेच घडतं असं मी म्हणणार नाही.

गणिताचा_नाद

हा भ्रूणाचा दाखला मला फार आवडला. आज रात्री तेच आकार गणितात बसवून बघतो.

पालवी

मग माझ्यापुरतं असं लिहून ठेवते: पेशीचा आकार एक सोपी दिशा सुचवतो, ऑक्सिनसारखा निरोप ती बदलू शकतो, पट्टा ठरलेली जागा घट्ट करतो आणि टँगल्ड आणि पॉक ती फ्रॅग्मोप्लास्ट पोचेपर्यंत धरून ठेवतात. पण तिठ्याचं काय? शेजारच्या भिंतीसमोर नवी भिंत का येत नाही? तो भाग अजून सुटलेला नाही.

तर्कूतंतू

पट्टाच ती जागा टाळतो हे दिसलेलं आहे. शेजारची भिंत जिथे टेकते तिथून तो बाजूला सरकून बसतो. शेजारची भिंत तिथे आहे हे पलीकडच्या पेशीला कळतं कसं, ताणातून की आणखी कशातून, यावर काम चालू आहे. यांत्रिक बाजूनं विचार केला तर तिठा चौकापेक्षा मजबूत, एवढं नक्की.

उत्सुक

हा पट्टा साध्या सूक्ष्मदर्शकात, कांद्याच्या मुळाच्या नेहमीच्या काचपट्टीत दिसेल का? आमच्या शाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक आहे.

जुने_मास्तर

पट्टा नाही दिसणार. ॲसिटोकार्मिन किंवा ऑर्सिन गुणसूत्रांना रंगवतं, सूक्ष्मनलिकांना नाही. त्यासाठी ट्युब्युलिनची प्रतिपिंडं किंवा चमकणारं ट्युब्युलिन असलेली रोपं आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक हवा.

पण अंत्यावस्थेतली पेशी शोधा. दोन केंद्रकांच्या मध्ये, कडांपर्यंत न पोचलेली बारीक रेघ दिसली की ती पेशीपट्टिका. मुळं सकाळी कापा, टोकाचा दोनेक मिलिमीटर भागच घ्या आणि मुलांना सांगा, की ती रेघ कोणत्या बाजूला आधी पोचते ते बघा. काही पेशींत ती एका बाजूला आधी टेकते. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक कुठे मिळालाच तर न चेपलेल्या पातळ छेदावर ॲनिलीन ब्लू टाकून बघा, कोवळ्या पट्टिकेतलं कॅलोज अतिनील प्रकाशात उजळतं.

उत्सुक

सोमवारी मुलांना घेऊन बसतो. दिसलं ते काढून इथेच टाकतो.